गोमाशी म्हणता ती नेमकी कोणती?

आमच्याकडं नांदेड-परभणीकडच्या आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-वस्तीवर, जनावराला चावणारी कुठलीही माशी गोमाशीच. नावाचं काही नाही, पण त्यापायी इलाज चुकतो. मी दोन पावसाळे रोज संध्याकाळी गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर केला, तरी आमचा लालकंधारी बैल भर दुपारी ओढ्याकडून रक्ताळूनच यायचा. त्याला चावणारी माशी गोठ्यात राहतच नव्हती.

ती घोडमाशी. मधमाशीपेक्षा मोठी, डोकं म्हणजे सगळे डोळेच. तिचं तोंड कात्रीसारखं चालतं: कातडी कापायची आणि वर येणारं रक्त चाटायचं. म्हणून ती उडाली तरी रक्ताचा थेंब ओघळत राहतो, त्यावर घरमाशा जमतात. चावते फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर फुलांच्या रसावर जगतो. पाण्याकाठच्या गवतावर अंडी, चिखलात अळ्या. तो चिखल काही आपल्याला उपसता येत नाही. पण बहुतेक घोडमाशा उन्हाच्या, आणि अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाहीत. श्रावण-भादव्यात जनावरं सकाळी लवकर चारून दुपारी आत बांधली, तेव्हा कुठं आमच्या बैलाला आराम पडला.

दुसरी राखाडी, घरमाशीएवढी, आणि इथंच फसगत होते. गव्हाणीच्या कडेवर बसलेली जवळून बघा: डोक्याखालून बारीक काळी सुई पुढं आलेली दिसेल. घरमाशीला ती नसते. हिच्यात नर-मादी दोघंही रक्त पितात, तेही जास्त करून पायांचं. गाय उभ्या जागी एकसारखी पाय आपटत असेल, तर आधी पायांकडं बघावं. आपण औषध पाठीवर फवारतो आणि पाय कोरडे राहतात, ही चूक मी बऱ्याच गोठ्यांत पाहिली आहे. औषध कोणतं नि किती, ते डॉक्टरांना विचारूनच.

तिचं मूळ मात्र आपल्या हातात आहे. शेण-मुतात भिजून कुजणारा उष्टा कडबा, गंजीच्या बुडाची ओल, यात ती वाढते. आठवड्यातून दोनदा हे उचलून उन्हात पातळ पसरलं, की अळ्या वाळून मरतात.

सर्रा नावाचा जनावरांचा रोग या दोघीही पसरवतात, घोडमाशी जास्त. चावताना शेपटीनं हाकलली, की ती तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तासकट शेजारच्या जनावरावर जाते. हा रोग रक्तातल्या सूक्ष्म परजीवीचा; ग्रिफिथ इव्हान्स यांनी तो 1880 मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. ताप येतो-जातो, जनावर खंगतं, डोळ्यावर पांढुरकी झाक येते, काही वेळा ते गोल गोल फिरतं. असं जनावर दावणीतून सोडून दूर बांधा आणि रक्ताचा नमुना अंगात ताप असतानाच घ्यायला लावा. ताप उतरल्यावर परजीवी दिसेलच असं नाही.