उपदंश: जखम भरली, आजार तिथेच

अंगावर उठलेले पुरळ बहुधा खाजते आणि तळहात-तळपाय सहसा त्यातून सुटतात. त्यामुळे तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस-तपकिरी डाग दिसले, आणि ते खाजतही नसले, दुखतही नसले, तर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ लगेच विचारतात: मागच्या काही महिन्यांत गुप्तांगावर किंवा तोंडात एखादी न दुखणारी जखम झाली होती का? बरेचदा उत्तर येते, "झाली होती, पण आपोआप भरली."

उपदंश म्हणजेच सिफिलिस. या आजारात माणूस फसतो तो याच 'आपोआप भरली'मुळे.

संसर्ग झालेल्या व्यक्तीशी शरीरसंबंध आल्यावर 10 ते 90 दिवसांत, साधारणपणे तीन आठवड्यांनी, जंतू जिथून शिरला तिथेच एक पुळी येते आणि फुटून तिची जखम होते. तिचा तळ स्वच्छ असतो, कडा टणक असतात. हातमोजा घालून चिमटीत धरली, तर कातडीत बटण शिवले असावे तशी लागते. जांघेत गाठी येतात, पण त्याही दुखत नाहीत. जखम गर्भाशयाच्या तोंडावर, गुदद्वाराच्या आत किंवा घशात असली तर ती झाल्याचे कळतसुद्धा नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती भरून येते, औषध घेतले तरी आणि न घेतले तरी. मधल्या काळात कुणी मलम लावलेले असते, कुणी घरगुती उपाय केलेला असतो; गुण आल्याचे श्रेय त्यालाच जाते.

जखम भरते ती शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे. पण तोवर जंतू रक्तातून सगळीकडे पोचलेले असतात. ट्रेपोनेमा पॅलिडम हा तो जंतू. 1905 मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन यांनी तो प्रथम ओळखला. मळसूत्री आकाराचा हा जंतू इतका बारीक आहे की साध्या सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात तो दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर वेगळ्या पद्धतीने प्रकाश टाकला तरच वळवळताना दिसतो. शरीराचे पहारेकरी जंतूला ओळखतात ते त्याच्या बाहेरच्या आवरणावरच्या प्रथिनांवरून. याच्या आवरणावर अशी प्रथिने अगदी तुरळक आहेत, आणि त्यातल्या एकाची ठेवण तो सतत बदलत राहतो. म्हणून एका ठिकाणी हरलेला हा जंतू दुसरीकडे वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो.

पुरळ, ताप, घसादुखी, ठिकठिकाणी विरळ होणारे केस ही दुसऱ्या टप्प्याची लक्षणे. तीही निघून जातात. पुढे कित्येक वर्षे काहीच दिसत नाही, आजाराचा पत्ता फक्त रक्ताच्या तपासणीत लागतो. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांत पुढे कधीतरी, कधी वीस-तीस वर्षांनीही, महाधमनी, मेंदू किंवा हाडे बिघडतात. मात्र डोळे, कान आणि मेंदूवरचा हल्ला होण्यासाठी अशी वर्षे जावीच लागतात असे नाही. तो कोणत्याही टप्प्यात होऊ शकतो. अचानक धूसर दिसू लागले किंवा ऐकू येईनासे झाले, तर उपदंशाची शंका घ्यायलाच हवी.

आता उपचाराकडे वळू. माझ्या मते या आजाराचा सर्वांत दिलासा देणारा भाग हाच. आधी शतकानुशतके पारा दिला जाई, 1910 पासून साल्वरसान हे आर्सेनिकयुक्त औषध आले, आणि 1943 मध्ये अमेरिकन डॉक्टर जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने रुग्ण बरे करून दाखवले. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीचे बांधकाम अडवते, म्हणजे वाढणाऱ्या जंतूलाच ते मारते. कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, या जंतूला मात्र त्यासाठी तीस तासांहून अधिक लागतात. त्यामुळे औषध थोडेसेच, पण बरेच दिवस सलग रक्तात राहावे लागते. बेंझाथिन पेनिसिलिनचे दाट पांढरे इंजेक्शन कुल्ल्याच्या स्नायूत देतात ते यासाठीच. ते तिथून दोन-तीन आठवडे हळूहळू विरघळत राहते. संसर्ग एका वर्षाच्या आतला असेल, तर 24 लाख युनिटची एकच मात्रा पुरते. जुना असेल किंवा कधीचा ते ठरवता येत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. मेंदू, डोळे किंवा कान यांत शिरकाव झाला असेल, तर शिरेतून वेगळे उपचार द्यावे लागतात. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप येऊ शकतो. मरणाऱ्या जंतूंमुळे तो येतो, त्याला औषधाची ॲलर्जी समजू नये. इतक्या दशकांनंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला मात्र तो बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झाला आहे, म्हणून मनाने गोळ्या घेऊन चालत नाही.

हे औषध हाताशी असताना ते न देण्याचे पापही घडले आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी इथे, 1932 पासून 1972 पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने 399 उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांचे नुसते निरीक्षण केले. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही दिले नाही.

गर्भवतीला उपदंश असेल तर जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भ पोटातच दगावतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते किंवा आजार घेऊनच येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये 11 लाख गर्भवतींना उपदंश होता, आणि त्यातून 3 लाख 90 हजारांहून अधिक गर्भांचे वा बाळांचे असे नुकसान झाले. एका तपासणीने आणि वेळेवर दिलेल्या इंजेक्शनने यातले बहुतेक टळले असते, हे वाचून मन विषण्ण होते. गर्भवतीसाठी पेनिसिलिनच लागते. तिला त्याची ॲलर्जी असली, तर रुग्णालयात अगदी कणाकणाने मात्रा वाढवत शरीराला सवय करून तेच देतात.

तपासणीचा अहवाल हातात आला की पुष्कळ जण गोंधळतात. टीपीएचएसारखी चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की आजार पूर्ण बरा झाल्यावरही बहुधा आयुष्यभर तशीच येते. ती पाहून पुन्हा घाबरू नये. उपचार लागू पडला का, हे व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्तचाचणी सांगते. तिथे 1:32 असा आकडा असतो, म्हणजे रक्तातला द्रव 32 पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते, आणि तो सहा महिने ते वर्षभरात 1:8 किंवा त्याखाली यावा अशी अपेक्षा असते. खाली आलेला आकडा पुन्हा चौपट चढला, तर बरेचदा नव्याने संसर्ग झालेला असतो, कारण एकदा होऊन गेल्याने या आजारापासून संरक्षण मिळत नाही. अशा वेळी डॉक्टर जोडीदाराची तपासणी झाली होती का, हे विचारतात, आणि दोघांनाही एकाच वेळी इंजेक्शन देतात.