घोकणे आणि आठवणे : स्मरणाच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

मराठीत पाठांतराच्या दोन क्रियांना दोन वेगळी नावे आहेत. पुस्तक समोर ठेवून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणे म्हणजे घोकणे. पुस्तक मिटून, समोर ऐकणारा बसलेला असताना ती ओळ मनातून काढून सांगणे म्हणजे म्हणून दाखवणे. परीक्षेच्या दिवसांत ‘घोकंपट्टी’ या एकाच शब्दाखाली दोन्ही क्रियांची निंदा होते आणि पाठांतर हवे की नको, एवढाच वाद शिल्लक राहतो. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत मात्र शंभराहून अधिक वर्षे या दोन क्रियांमधला फरक मोजला जात आहे, आणि तो फरक इतका ठळक आहे की तो माहीत असल्याशिवाय या वादात कोणतीही बाजू घेणे घाईचे ठरेल.

स्मरण मोजता येते, हे प्रथम दाखवले हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने. 1850 साली बार्मेन या गावी जन्मलेला हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. पॅरिसमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला गुस्टाव्ह फेश्नर यांचा संवेदनांच्या मोजमापाविषयीचा ग्रंथ मिळाला, आणि प्रकाश-ध्वनीच्या संवेदना मोजता येतात तर स्मरणशक्ती का मोजता येऊ नये, या प्रश्नाने तो झपाटून गेला. त्या काळी मानसशास्त्राला विद्यापीठांत नुकतीच स्वतंत्र जागा मिळू लागली होती, आणि शिकणे, आठवणे यांसारख्या वरच्या पायरीच्या मानसिक क्रिया प्रयोगाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, असेच बहुतेक तज्ज्ञ मानत. एबिंगहाउसकडे प्रयोगशाळा नव्हती, सहायक नव्हते. त्याने स्वतःलाच प्रयोगाला बसवले.

त्याची पहिली अडचण अशी होती की कोणताही अर्थपूर्ण मजकूर घेतला तरी त्यातल्या काही गोष्टी माणसाला आधीच ठाऊक असतात, काही आवडतात, काही कशाची तरी आठवण करून देतात, आणि त्यामुळे नेमके किती शिकले गेले हे वेगळे काढता येत नाही. म्हणून त्याने दोन व्यंजने आणि मध्ये एक स्वर असे सुमारे 2300 निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या लावल्या आणि मिनिटाला 150 ठोक्यांच्या ठरावीक लयीत त्या मोठ्याने वाचून तो पाठ करू लागला. एक यादी बिनचूक म्हणता आली की ती बाजूला ठेवायची, ठरलेल्या वेळाने पुन्हा हाती घ्यायची आणि या खेपेस पाठ करायला किती कमी वेळ लागला हे मोजायचे. या वाचलेल्या वेळेला तो ‘बचत’ म्हणे. ही कल्पना फार हुशारीची होती, कारण एखादी गोष्ट अजिबात आठवत नसली तरी तिचा काही अंश मनात उरला असेल, तर तो बचतीच्या आकड्यात सापडतो.

1879-80 मध्ये एकदा आणि 1883-84 मध्ये पुन्हा, असे हे काम चालले आणि 1885 साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातला विस्मरणाचा आलेख आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पाठांतरानंतर साधारण वीस मिनिटांनी बचत 58 टक्के उरली होती, तासाभराने 44 टक्के, एका दिवसाने 34 टक्क्यांच्या आसपास आणि 31 दिवसांनी 21 टक्के. म्हणजे जे विसरायचे ते पहिल्या काही तासांतच बहुतांशी विसरले जाते, आणि उरलेले मात्र बराच काळ टिकते. एकाच माणसावर केलेला प्रयोग म्हणून यावर शंका घेता येते. परंतु 2015 साली अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हीच रीत पुन्हा काटेकोरपणे अवलंबली, तेव्हा आलेख जवळपास तसाच आला.

त्याच पुस्तकातली आणखी एक नोंद मला आलेखाहून मोलाची वाटते. बारा अक्षरगटांची यादी एका दिवसात सलग 68 वेळा वाचून जो लाभ झाला, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या 38 वाचनांनी झाला. अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच बैठकीतल्या घोकण्यापेक्षा सरस ठरते, हे सिद्ध होऊन आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे उरकण्याची सवय जगभर कायम आहे.

एबिंगहाउसने मोजला तो काळाचा परिणाम. म्हणून दाखवण्याचा स्वतःचा असा परिणाम काय, हा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला, जरी त्याचे उत्तर विचारवंतांना आधीपासून अंदाजाने ठाऊक होते. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1620 सालीच लिहून ठेवले होते की मजकूर वीस वेळा वाचण्यापेक्षा तो दहा वेळा वाचावा, मधूनमधून तोंडपाठ म्हणून पाहावा आणि अडेल तिथेच पुस्तकात डोकवावे. 1890 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनेही तोच अनुभव नोंदवला. पण अनुभवाची नोंद आणि प्रयोगाचा पुरावा यांत अंतर असते. ते अंतर 1917 साली कोलंबिया विद्यापीठातल्या आर्थर गेट्सने बरेचसे भरून काढले. शाळकरी मुलांना निरर्थक अक्षरगट आणि छोटी चरित्रे पाठ करायला देऊन, दिलेल्या वेळातला किती भाग वाचनात आणि किती भाग न बघता म्हणण्यात जावा, हे त्याने गटागटाने बदलून पाहिले. एकूण वेळ सारखाच असताना, निम्म्याहून अधिक वेळ म्हणून पाहण्यात घालवणाऱ्या मुलांना अधिक आठवत होते.

1939 साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या हर्बर्ट स्पिट्झरने हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर तपासला. 91 शाळांतल्या सहावीच्या 3605 मुलांना एक लेख वाचायला दिला. विषय होते शेंगदाणे आणि बांबू यांसारखे. काही मुलांची चाचणी लगेच घेतली, काहींची दुसऱ्या दिवशी, काहींची आठवड्याने, काहींची आणखी उशिरा. ज्यांना लेख वाचल्यावर लवकर आठवायला लावले होते त्यांना तो पुढे अनेक आठवडे अधिक आठवत राहिला. ज्यांची पहिली चाचणी उशिरा झाली त्यांच्याकडे तोवर टिकवण्यासारखे फारसे उरले नव्हते. चाचणी म्हणजे शिकलेले मोजण्याची फूटपट्टी एवढेच मानले जात असताना, ती स्वतःच शिकवते, हे इतक्या मुलांच्या साक्षीने पुढे आले. तरीही हे संशोधन जवळपास अडगळीत पडले.

याचे एक कारण त्या काळच्या मानसशास्त्राच्या दिशेत आहे. 1913 मध्ये जॉन वॉटसनने मांडलेल्या वर्तनवादाने अमेरिकेत जोर धरला होता. चेतक म्हणजे बाहेरून मिळणारी चालना आणि तिला दिलेला प्रतिसाद यांच्या जोड्या कशा पक्क्या होतात हा मुख्य प्रश्न झाला आणि ‘आठवण’ या शब्दाकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये मात्र फ्रेडरिक बार्टलेटने 1932 साली वेगळी वाट दाखवली. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना वाचायला देऊन ती त्याने पुन्हा पुन्हा लिहून घेतली, तेव्हा कथेतले अनोळखी तपशील गळत किंवा ओळखीचे रूप घेत. होडगी नावा झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू बाहेर काढणे नसून दर वेळी नव्याने घडवणे आहे, हे त्याचे प्रतिपादन. या इतिहासात त्याला महत्त्वाची जागा द्यायला हवी, कारण आठवण्याने स्मृती पक्की होते हे जितके खरे, तितकेच चुकीचे आठवल्यास चूकही पक्की होते हे खरे. आठवून झाल्यावर मूळ पुस्तकाशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

1950 नंतर मानसशास्त्र पुन्हा मनाकडे वळले. 1956 साली जॉर्ज मिलरने तात्कालिक स्मृतीत सुमारे सातच घटक मावतात हे मांडले, आणि 1968 साली रिचर्ड अॅटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृतीचा प्रसिद्ध आराखडा दिला. त्यात उजळणीला मोठे स्थान होते: अल्पकालीन स्मृतीत एखादी गोष्ट जितका वेळ घोळवाल, तितकी ती दीर्घकालीन स्मृतीत उतरण्याची शक्यता अधिक. घोकण्याचे याहून चांगले समर्थन शास्त्राने क्वचितच केले असेल. पण 1973 मध्ये फर्गस क्रेक आणि मायकेल वॉटकिन्स यांनी प्रयोगाने दाखवले की एखादा शब्द मनात नुसता किती वेळ धरून ठेवला, यावर तो पुढे आठवेल की नाही हे अवलंबून नसते.

त्याची एक हृदयद्रावक साक्ष तोवर वैद्यकाने दिलेली होती. हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या उपचारासाठी 1953 साली शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूतल्या अवयवाचा, मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला नवे काहीही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एकदा 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटे त्याने तो धरून ठेवला: पाच, आठ आणि चार मिळून सतरा, आठ लक्षात ठेवायचे, सतरातून वजा केले की नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार. हे गणित तो अखंड घोळवत होता. लक्ष दुसरीकडे गेल्यावर मिनिटभरातच त्याला आकडा आठवला नाही, आणि आपण असे काही गणित मांडले होते हेही आठवले नाही. घोकण्याने मन भरलेले राहते, पण मनात काही रुजलेच असेल याची खात्री त्याने मिळत नाही, हे या दुर्दैवी माणसाच्या त्या पंधरा मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

अडगळीतला प्रश्न पुन्हा मध्यभागी आला तो 2006 साली, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या प्रयोगाने. विद्यार्थ्यांना छोटा उतारा दिला होता. एका गटाने तो चार बैठकांत वाचला, म्हणजे सरासरी चौदा वेळा. दुसऱ्याने एकाच बैठकीत, सुमारे तीन-साडेतीन वेळा वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांनी 83 टक्के मजकूर सांगितला आणि आठवणाऱ्यांनी 71 टक्के. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरला, आठवणाऱ्यांकडे 61 टक्के.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण विद्यार्थ्याची फसगत का होते हे त्यांतच आहे. लगेच पाहिले तर पुन्हा पुन्हा वाचणे खरोखरच सरस ठरते. मजकूर डोळ्यांपुढून सहज सरकू लागतो, वाक्य पुढे काय येणार हे आधीच कळते, आणि या ओळखीलाच विद्यार्थी ज्ञान समजतो. आठवून लिहिणाऱ्याला मात्र आपल्याला काय येत नाही हेच ठायी ठायी जाणवत राहते. त्या प्रयोगातही, उतारा पुढे आपल्या किती लक्षात राहील असे विचारल्यावर, सर्वाधिक आत्मविश्वास चार बैठका वाचणाऱ्या गटालाच होता. दोन वर्षांनी याच दोघांनी 40 स्वाहिली शब्दांवर केलेल्या प्रयोगात, एकदा बरोबर आलेल्या शब्दांना पुढेही चाचणीत ठेवले तर आठवड्याने सुमारे 80 टक्के शब्द आठवले आणि चाचणीतून वगळले तर 35 टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात त्या शब्दांचा अभ्यास चालू ठेवला की थांबवला, याने फरक पडला नाही.

या साऱ्याकडे पाहताना आपल्याकडच्या मौखिक परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. वेदपठणात क्रम, जटा, घन हे जे पाठ आहेत त्यांपैकी घनपाठात पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी उलटसुलट गुंफून म्हणायची असतात, त्यामुळे केवळ जिभेच्या वळणावर पुढे जाता येत नाही. प्रत्येक पद जागेवर जाऊन आणावे लागते. घराघरांत संध्याकाळी दिवेलागणीनंतर होणारा परवचाही तसाच. माझ्या आजोळी शुभंकरोतीनंतर पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांचा क्रम असे, आणि पुस्तक कोणाच्याच हाती नसे. मूल ‘सात सवाये’पाशी, म्हणजे साताची सव्वापट सांगताना, अडले की आजी उत्तर सांगत नसे, ‘पावणे’ एवढेच म्हणून थांबे आणि वाती सारख्या करत राही, मूल ‘नऊ’ म्हणेपर्यंत. रोज एकदा, पुस्तकाशिवाय, चूक तिथल्या तिथे सुधारून. याला घोकंपट्टी म्हणणे मला पटत नाही. पाढ्यामागचा गुणाकार मुलाला समजतो की नाही हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न आहे, आणि तो परवच्याने आपोआप सुटत नाही, हेही मान्य करायला हवे.

2013 साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींची छाननी केली, तेव्हा सर्वाधिक उपयुक्त म्हणून दोनच पुढे आल्या: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतर ठेवून करणे. ओळींखाली रेघा मारणे आणि पुन्हा वाचणे तळाच्या गटात गेले. त्याआधी, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रोडिगर-कार्पिक यांचा प्रयोग ज्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाला त्याच विद्यापीठातल्या 177 विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करता असे विचारले होते. टिपणे किंवा पुस्तक पुन्हा वाचतो, असे 84 टक्क्यांनी सांगितले. पुस्तक मिटून आठवून पाहतो, असे सांगणारे 11 टक्के होते.