ब्रिटिश क्लबकडून धावतो म्हणून स्वार ब्रिटिश?

स्पीडवे या मोटरसायकल शर्यतींच्या खेळाबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो: ब्रिटिश लीगमध्ये धावायचं तर ब्रिटिश नागरिकत्व लागतं, आणि तिथे धावणारा परदेशी स्वार आपोआप ब्रिटनचा होतो.

ब्रेक नसलेल्या ५०० सीसी मोटरसायकली, अंडाकृती कच्चा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. हा खेळ १९२८ साली ब्रिटनमध्ये रुजला तोच ऑस्ट्रेलियन स्वारांच्या मदतीने. म्हणजे परदेशी मंडळी तिथे सुरुवातीपासूनच आहेत.

मग अडतं कुठे? पहिली अट कामाच्या परवानगीची, आणि ती क्लबच्या हातात नसते. आजी-आजोबांपैकी कुणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं असेल, तर ऑस्ट्रेलियन स्वाराला वंशाच्या आधारावर व्हिसा मिळू शकतो. पण हातात पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचाच राहतो. दुसरी अट सरासरीची. शर्यतीत ३, २, १, ० असे गुण मिळतात. बोनस (प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून आपल्याच संघातल्या स्वाराच्या लगेच मागे आल्यास मिळणारा जादा गुण) धरून एकूण गुणांना शर्यतींच्या संख्येने भागायचं आणि चाराने गुणायचं: २० शर्यतींत ४० गुण म्हणजे सरासरी ८. संघ बांधताना सगळ्यांच्या सरासरीच्या बेरजेला मर्यादा असते, त्यामुळे खरी ओढाताण बहुतेकदा इथेच होते.

राष्ट्रीय संघ ही पूर्ण निराळी गोष्ट. ब्रिस्टलमध्ये जन्मलेल्या एका स्वाराने ऑस्ट्रेलियाकडून खेळत तीनदा जागतिक विजेतेपद मिळवलंय!

खात्री करायची तर एकाच स्वाराची दोन पत्रकं शेजारी ठेवा. लीग सामन्याच्या पत्रकात क्लब आणि सरासरी दिसेल, जागतिक स्पर्धेच्या यादीत देश.