एफएससीके

एफएससीके (fsck) : बिघडलेल्या फाइलसिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदी तपासून त्या परस्परांशी जुळवणारी युनिक्स व लिनक्समधील आज्ञा. बोलताना ‘एफ-एस-चेक’ असेही म्हणतात. गेलेला मजकूर परत आणणे हे तिचे काम नव्हे; आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद), डिरेक्टरी व ब्लॉक (डिस्कवरील ठरावीक आकाराचा तुकडा) यांचा ताळेबंद जमवण्यासाठी ती प्रसंगी मजकुरावर पाणीही सोडते.

युनिक्सच्या आरंभकाळात हा ताळा आयचेक (ब्लॉक) व डीचेक (डिरेक्टरीतील दुवे) असे वेगवेगळे प्रोग्रॅम घेत. ती कामे एकत्र करणारा एफएससीके टेड कोवाल्स्की यांचा. त्याचे श्रेय कधी मिशिगन विद्यापीठाला, कधी बेल प्रयोगशाळेला दिले जाते; सुरुवात मिशिगनमध्ये व पूर्तता बेलमध्ये, साधारणतः १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो. नावातील दुसरे अक्षर मुळात वेगळे (आणि असभ्य) होते, ही युनिक्सच्या निर्मात्यांपैकी डेनिस रिची यांच्या नावावर सांगितली जाणारी आठवण आख्यायिकेच्या जवळची मानावी. पुढे बीएसडीसाठी (युनिक्सच्या बर्कली आवृत्तीसाठी) मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी प्रोग्रॅमची फेरमांडणी केली.

लिनक्सच्या एक्स्ट या फाइलसिस्टिम-कुळासाठी थिओडोर त्सो यांचा ई-टू-एफएससीके पाच फेऱ्यांत चालतो : आयनोड, डिरेक्टरींची रचना, त्यांची जोडणी, दुव्यांची संख्या, शेवटी ब्लॉकगटवार गोषवारा. विभाजन (डिस्कचा तपासायचा भाग) आधी अनमाउंट करणे, म्हणजे वापरातून सोडवणे, अनिवार्य. चालू फाइलसिस्टिमवर दुरुस्ती केल्यास नवाच बिघाड होऊ शकतो. मुख्य सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) वाचता येत नसेल, तर ४ केबी ब्लॉकच्या विभाजनात त्याची पहिली राखीव प्रत बहुधा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर मिळते. डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर आधी तिची नक्कल घ्यावी.

फाइलचे नाव आयनोडमध्ये नसून डिरेक्टरीत असते. त्यामुळे लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीचा फोटो ‘लॉस्ट+फाउंड’ या बेवारस फाइलींच्या डिरेक्टरीत सापडला, तरी तो ‘#१३१०७५’ अशा आयनोड क्रमांकाने. तो फोटो आहे हे ‘फाइल’ ही आज्ञा सांगते, कोणत्या मंडळाचा हे उघडूनच पाहावे लागते.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर एफएससीके सहसा काहीच न करता यश कळवते. तिथे एक्सएफएस-रिपेअर वापरतात. झेडएफएस या फाइलसिस्टिमला तर एफएससीके मुळातच नाही. तिथे चेकसमच्या (मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-अंकाच्या) आधारे ‘स्क्रब’, म्हणजे साऱ्या मजकुराची तपासणी, केले जाते. हीच झेडएफएस लिनक्सच्या कर्नलवर (गाभ्यावर) आणण्याचा २०१०च्या सुमाराचा एक प्रयत्न पुण्यातील केक्यू इन्फोटेक या कंपनीचा होता.