सही नसलेली चिठ्ठी: मीपण सोडण्यामागचा जुना वाद

ऑगस्ट १८९६. मदुराईत वेंकटरमण नावाच्या १६ वर्षांच्या मुलाला थोरल्या भावाने आपली कॉलेजची फी भरायला पाच रुपये न्यायला सांगितलं. त्याने तीन प्रवासाला घेतले, दोन चिठ्ठीसोबत ठेवले आणि तिरुवण्णामलैची वाट धरली. चिठ्ठीची सुरुवात ‘मी’ने होते, पुढे त्या ‘मी’चं ‘हे’ होतं आणि शेवटी सहीच्या जागी नुसती रेघ. दीडेक महिन्यापूर्वी मरणाच्या भीतीने घेरल्यावर हाच मुलगा प्रेतासारखा ताठ पडून राहिला होता. देह गेला तर ‘मी’ जातो का, हे पाहत. पुढे तो रमण महर्षी म्हणून ओळखला गेला.

‘तुझी फी अजून भरलेली नाही’ हेही त्या चिठ्ठीत आहे. मला सहीच्या रेघेपेक्षा हे वाक्य जास्त बोलकं वाटतं. मीपण गळत होतं, पण दोन रुपयांचा हिशेब सुटला नव्हता.

‘मी’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न अर्थात फार जुना. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी ‘नेति नेति’ (हे नव्हे, हे नव्हे) म्हणत जे जे दाखवता येईल ते बाजूला सारतो आणि उरतो तो आत्मा. बुद्धाने सारनाथला पाच सोबत्यांना देह, वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) एकेक करून विचारले: यातलं ‘हे माझं, हा मी’ असं म्हणण्याजोगं काय आहे? मात्र मागे उरणारा आत्मा त्याने मांडला नाही. सोडायचं काय यावर दोघांचं बरंचसं जुळतं; भांडण आहे ते उरतं काय यावर, आणि ते आजही मिटलेलं नाही.

जे ‘मी’ नाही त्यालाच ‘मी’ समजणं, याला शंकराचार्यांनी अध्यास म्हटलं. देह जाड, की ‘मी जाड’. घरच्यांचं बिनसलं, की ‘माझंच बिनसलं’.

‘मिलिंदपञ्ह’ या जुन्या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथावरून पकडतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. म्हणजे ‘रथ’ हे नुसतं नाव, तसंच ‘नागसेन’ही. तरी रथातून तो आला होताच, आणि ‘नागसेन’ म्हणून हाक मारली की भिक्षूही ओ देतच होता. युरोपात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये लिहिलं की आत डोकावलं तर ऊन-गारवा, प्रेम-द्वेष असे अनुभव सापडतात, ‘मी’ काही हाती लागत नाही. या विचाराने मन काळवंडलं की तो मित्रांसोबत जेवायचा, सोंगट्या खेळायचा.

मीपण सोडायचं म्हणजे नोकरी, घर, नाती सोडायची, हा समज मात्र चिवट आहे. संन्यास घेऊ का, असं विचारणाऱ्या संसारी माणसांना रमण सहसा थोपवत. आज ‘मी गृहस्थ’ हा विचार पाठीशी आहे, उद्या ‘मी संन्यासी’ हा लागेल, असं त्यांचं म्हणणं. मग तुम्ही का घर सोडलंत, असं एकाने विचारलंच. ते माझं प्रारब्ध, ते म्हणाले.