पिशवी काढली, पण विषाणूचं काय?

‘पिशवी काढून टाकली, आता कॅन्सरची भीती नाही.’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, तेव्हा अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावरून कॅन्सरची भीती घालून कित्येकींच्या पिशव्या काढल्याचं बाहेर आलं. पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, औषधाने बरी होणारी. आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही नावाचा विषाणू काही पिशवीपुरताच राहत नाही. योनिमार्गाच्या अस्तरातही तो ठाण मांडतो. तिथल्या कर्करोगपूर्व बदलांना रिपोर्टवर ‘व्हीएआयएन’ म्हणतात आणि पुढे १, २ किंवा ३ असा आकडा असतो. १ असेल तर बदल बहुधा आपोआप ओसरतो. २ आणि ३ मात्र गंभीरपणे घ्यायचे. त्यांत एचपीव्हीचा १६ नंबरचा प्रकार सर्वांत जास्त सापडतो.

हा विषाणू करतो काय? योनिमार्गाचं अस्तर थरांचं असतं. सर्वांत खालच्या थरातल्या पेशी विभागतात, त्यांतल्या काही वर सरकतात, विभागणं थांबवतात आणि शेवटी गळून पडतात. बारीकशा ओरखड्यातून विषाणू या खालच्या थरात पोचतो. त्याच्याजवळ जेमतेम ८,००० अक्षरांचा डीएनए. त्याच्या प्रती काढायची यंत्रणा त्याची स्वतःची नाही, ती पेशीची वापरावी लागते. आणि वर सरकलेल्या पेशीने तर ती बंद केलेली असते. म्हणून विषाणू ई७ नावाचं प्रथिन बनवतो. पेशीत ‘आरबी’ नावाचं प्रथिन विभाजनाला ब्रेक लावून बसलेलं असतं, ई७ त्यालाच निकामी करतं. यंत्रणा पुन्हा चालू! पण अवेळी विभागू लागलेल्या पेशीला पी५३ हे दुसरं प्रथिन आत्महत्या करायला लावतं. त्यावर विषाणूचा तोडगा म्हणजे ई६. हे प्रथिन पेशीचंच एक एन्झाइम हाताशी धरून पी५३ वर ‘युबिक्विटिन’ची खूण करवतं, आणि खूण झालेलं प्रथिन पेशी स्वतःच मोडीत काढते. इतकं नेमकं काम बघून मला दरवेळी थक्क व्हायला होतं.

एरवी ई६ आणि ई७ वर विषाणूच्याच ई२ प्रथिनाचा वचक असतो. कधीकधी विषाणूचा गोल डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात घुसतो, तेव्हा बऱ्याचदा ई२ चं जनुक मोडतं. मग ई६, ई७ बेलगाम सुटतात, पेशी विभागत राहते, चुका साठत जातात. विषाणूच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा, कारण अशा पेशीतून नवे विषाणू सहसा तयार होत नाहीत.

सुदैवाने बहुतेक संसर्ग प्रतिकारशक्ती दोन वर्षांच्या आत आवरते. शिवाय गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते आणि विषाणूला ती जागा फार मानवते. योनिमार्गात तशी सीमा नाही, म्हणून तिथला कॅन्सर दुर्मीळ.

एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की घरात बाईच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. हा निव्वळ अडाणीपणा आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो, आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसूही शकतो.

पिशवी गाठींसाठी किंवा जास्त रक्तस्रावासाठी काढली असेल, गर्भाशयमुखही सोबत काढलेलं असेल आणि आधीचे रिपोर्ट स्वच्छ असतील, तर सहसा पुढे तपासणी लागत नाही. गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल सापडले म्हणून काढली असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितकी वर्षं जात राहायचं. बदल बहुधा योनिमार्गाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात असतात. तिथे सौम्य ॲसेटिक ॲसिड लावलं की बिघडलेला भाग पांढरट दिसतो. आयोडीन लावलं की निरोगी अस्तर गडद तपकिरी होतं आणि बिघडलेलं फिकट पिवळं राहतं. तपासताना योनिमार्ग उघडा धरायला आत घातलेल्या स्पेक्युलम या उपकरणाच्या पात्यांखाली पुढची-मागची भिंत झाकली जाते, म्हणून जाणता डॉक्टर ते हळूहळू फिरवून पात्यांखालचा भागही बघतो.