सडवा, संत्रं आणि बिअर : नागपूरच्या लहान भट्ट्यांची पार्श्वभूमी

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरची लहान भट्टी, सुरू केली. जिथे मुरवायची तिथेच ताजी प्यायला द्यायची, ही रीत महाराष्ट्रात कायद्याने पुन्हा मान्य झाली. पुन्हा म्हणतो, कारण विदर्भात ती कधीपासूनच होती.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या पुढे गेलात तर मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका दिसतील. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो. पिवळट, गरदार फुलं रात्रभर टपटपतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. वाळली की मनुकांसारखी तपकिरी होतात. ती पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत फसफसू लागतात. हाच सडवा. मग चुलीवर मडक्यावर मडकं चढवायचं, वरच्या भांड्यातलं पाणी गरम झालं की बदलायचं, आणि उतरणारा थेंब न् थेंब धरायचा. गोंडांच्या घरी लग्न असो की पेनपूजा (त्यांच्या देवांची पूजा), पहिली धार देवाला.

हे मडकं इंग्रजांच्या अबकारीला परवडणारं नव्हतं. गावोगावच्या चुलींवर कर कसा बसवणार? म्हणून दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गाळायची आणि दुकानांचे लिलाव करायचे, असा मार्ग निघाला. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी मोहफुलांवरच कायदा झाला. घरची रीत गुन्हा ठरली ती महसुलापायी, हे विसरता कामा नये.

बिअर आली ती पलटणीबरोबर. कामठीची छावणी १८२१ ची. गोऱ्या शिपायांची बिअर आधी विलायतेहून जहाजाने यायची. पुढे एडवर्ड डायर या इंग्रजाने हिमालयातल्या कसौलीच्या थंडाव्यात ती बनवायला सुरुवात केली. नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फ आणि यंत्राशिवाय बिअर मुरवणं कठीणच. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि बाहेरचा माल आणणं सोपं झालं.

मग दारूबंदीचं पर्व. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा राजधानी नागपूरच होती. गांधी-विनोबांचा वर्धा आजही कोरडा आहे, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायकांनी या बंद्यांसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला. त्यांचा राग खरा आहे आणि लहान भट्टीची बाजू घेताना मी तो बाजूला सारू शकत नाही.

क्राफ्ट बिअरची, म्हणजे लहान भट्टीत थोड्या प्रमाणात बनवलेल्या बिअरची, लाट आपल्याकडे पोचली ती या सगळ्यानंतर. एल जातीची बिअर साधारण १८ ते २० अंशांवर मुरते आणि आपला मे महिना ४५ गाठतो. म्हणजे टाक्या दिवसरात्र गार ठेवायच्या. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बरेचदा परदेशातून येतात. नागपूरचं स्वतःचं काय, तर पेंच-कन्हानचं पाणी आणि संत्र्याची साल. बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल पूर्वापार घालतात. भौगोलिक मानांकन मिळालेलं संत्रं आपल्या दारात असताना त्या बिअरला इथली ओळख मिळायला हवी.

आणि मोह? २०२१ मध्ये राज्याने फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले, पण गावचा सडवा आजही पोलिस जमिनीवर ओततात. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन ती बनवण्याचं काम आदिवासी बचत गटांकडे सोपवलं. देवलापारहून मध्य प्रदेशातल्या खवाशाची हद्द जेमतेम अर्ध्या तासावर. ताडोबा-पेंचला जाणारे पर्यटक नागपुरात उतरतात, मोहाच्या झाडाखालून जिप्सीत फिरतात आणि मोह न चाखता परततात. तपासणी झालेली, मोजून दिलेली एक चव त्यांना त्याच गावातल्या बायकांच्या हातून मिळावी आणि पैसा त्या गावातच राहावा, एवढ्यासाठी लहान परवाना मडक्यालाही हवा.